बोट टेकवताच उत्तर देणारे पान: डीटीपी सॉफ्टवेअरमधून इंटरॲक्टिव्ह मांडणी कशी करावी

मुंबईत एखाद्या मंडळाची स्मरणिका, महाविद्यालयाचा वार्षिकांक किंवा दिवाळी अंक छपाईला गेला की त्याच फाइलची पीडीएफ काढून ती व्हॉट्सॲपवर पाठवण्याची पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. वाचक ती पीडीएफ लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर उघडतो. अनुक्रमणिकेत हवा असलेला लेख पान ८६ वर असल्याचे त्याला दिसते, त्या ओळीवर तो बोट टेकवतो आणि काहीच घडत नाही. मग तो एकेक पान वर सरकवत राहतो, दोन स्तंभांतला बारीक मजकूर मोठा करून वाचायचा प्रयत्न करतो आणि बहुधा आपले स्टेशन येण्यापूर्वीच फाइल बंद करून टाकतो. लेख चांगला असतो, मांडणीवरही मेहनत घेतलेली असते. परंतु ती मेहनत कागदासाठी असते आणि वाचकाच्या हातात मात्र पडदा असतो.

वाचकाने पानावर काही कृती केली असता त्या पानाने प्रतिसाद देणे, याला इंटरॲक्टिव्ह मांडणी म्हणतात. अनुक्रमणिकेतील ओळीवर बोट टेकवताच तो लेख उघडणे, जाहिरातीतील क्रमांकावर टेकवताच फोन लागणे, नकाशावरील आकड्याला स्पर्श करताच त्या इमारतीचे छायाचित्र दिसणे, कवितेशेजारच्या खुणेवरून ती कविता ऐकू येणे किंवा वर्गणीचा अर्ज पडद्यावरच भरता येणे, ही सगळी त्याचीच रूपे आहेत. यासाठी प्रोग्रामिंग शिकावे लागते, असा समज अजून बराच टिकून आहे. वास्तविक ज्या सॉफ्टवेअरमध्ये पाने लावली जातात, त्यातच या सोयींसाठी लागणारी पॅनेल्स तयार असतात. अडोबी कंपनीच्या इनडिझाइन या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये विंडो मेनूत ‘इंटरॲक्टिव्ह’ नावाचा एक स्वतंत्र गट आहे आणि हायपरलिंक, बुकमार्क (पीडीएफच्या बाजूच्या पट्टीत दिसणारी लेखांची यादी), बटण, हालचाल यांची पॅनेल्स त्यात एकत्र ठेवलेली आहेत. इनडिझाइनची पहिली आवृत्ती १९९९ साली आली. त्याआधी, म्हणजे १९८५ पासून, पेजमेकर या सॉफ्टवेअरने डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पाने लावण्याचे, युग सुरू केले होते आणि आपल्याकडच्या अनेक ऑपरेटरांचा हात त्याच सॉफ्टवेअरवर बसला. त्यामुळे ‘पान म्हणजे छापायची वस्तू’ ही सवय आजही सुटलेली नाही, यात नवल नाही. पुढील विवेचनातील उदाहरणे इनडिझाइनची आहेत. मात्र स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरमध्येही पीडीएफसाठी लिंक, बुकमार्क आणि फॉर्म तयार करता येतात, त्यामुळे खर्चाची अडचण असलेल्या संस्थांनी हा विषय आपला नाही असे मानू नये.

फाइल उघडणार कुठे?

बहुतेक जण सुरुवात करतात ती ‘काय काय करता येईल’ या प्रश्नापासून, आणि माझ्या मते गाडी तिथेच घसरते. पहिला प्रश्न असा असायला हवा की वाचक ही फाइल कोणत्या उपकरणावर, कोणत्या ॲपमध्ये आणि इंटरनेट असताना उघडणार आहे की नसताना. कारण सॉफ्टवेअरमध्ये दिलेली प्रत्येक सोय प्रत्येक प्रकारच्या फाइलमध्ये उतरत नाही, आणि फाइलमध्ये उतरलेली प्रत्येक सोय प्रत्येक ॲप चालवत नाही. या दोन गाळण्यांतून जे पार होते तेवढेच वाचकाच्या हाती लागते.

सर्वांत परिचित प्रकार पीडीएफचा. अडोबीने १९९३ साली आणलेला हा प्रकार २००८ मध्ये आयएसओ ३२००० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. पीडीएफ कोणत्याही फोनवर उघडते, इंटरनेटशिवाय चालते आणि व्हॉट्सॲपवरून सहज फिरते, ही तिची ताकद आहे. लिंक आणि बुकमार्क या दोन गोष्टी जवळजवळ सर्वत्र चालतात. बटणे आणि फॉर्म संगणकावरील ॲक्रोबॅट रीडरमध्ये व्यवस्थित चालतात, परंतु फोनमधील साध्या पीडीएफ ॲपमध्ये त्यांचा भरवसा धरता येत नाही. पीडीएफमध्ये भरलेले ध्वनी आणि चित्रफिती तर बहुतेक मोबाइल ॲप सरळ दुर्लक्षित करतात. इनडिझाइनमध्ये केलेली हालचाल, म्हणजे ॲनिमेशन, आणि एकाच चौकटीत आळीपाळीने बदलणारी चित्रे पीडीएफमध्ये जातच नाहीत.

दुसरा प्रकार ईपबचा, म्हणजे ई-पुस्तकांच्या फाइलचा, आणि त्याच्या दोन तऱ्हा आहेत. ‘फिक्स्ड लेआउट’ ईपबमध्ये पानाची मांडणी जशीच्या तशी राहते. २०११ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ईपबचा पाया वेबपानांसारखाच एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचा असल्यामुळे हालचाल, बदलती चित्रे, बटणे, ध्वनी आणि चित्रफीत हे सारे त्यात सामावते. ॲपल बुक्समध्ये हे चांगले चालते, इतर ॲपचा अनुभव मात्र एकसारखा नसतो. ‘रिफ्लोएबल’ ईपबमध्ये पान असे काही ठरलेले नसते. वाचकाने अक्षरे मोठी केली की मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने वाहतो. बटणे आणि हालचाली त्यात गळून पडतात, पण लिंक आणि अनुक्रमणिका टिकतात. कथा, कादंबरी, दीर्घ लेख असा सलग वाचायचा मजकूर असेल तर फोनवरच्या वाचकासाठी याहून सोयीचे काही नाही, आणि मराठी प्रकाशनव्यवहारात या तऱ्हेकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही याचे मला वाईट वाटते.

तिसरा मार्ग ‘पब्लिश ऑनलाइन’चा. यात इनडिझाइन तुमची पाने अडोबीच्या सर्व्हरवर ठेवते आणि तुम्हाला एक लिंक देते. वाचक ती ब्राउझरमध्ये उघडतो. फॉर्म वगळता जवळपास सगळ्या सोयी येथे चालतात. उणीव एवढीच की वाचायच्या वेळी इंटरनेट हवे आणि प्रकाशन आपल्या ताब्यातल्या जागेवर राहत नाही.

दुसऱ्याच्या तंत्रज्ञानावर विसंबण्याची किंमत या क्षेत्राने एकदा मोजलेली आहे. इनडिझाइनमधून पूर्वी फ्लॅश या अडोबीच्या ॲनिमेशन-तंत्रासाठीच्या फाइल काढता येत आणि पान उलटल्याचा आभास देणारे अंक त्यातून तयार होत. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरला दिलेला आधार काढून घेतला, पुढच्याच महिन्यात प्लेअरमधून फ्लॅश चालणेही बंद केले, आणि तसे अंक ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. म्हणून ज्या प्रकाशनाला दहा वर्षांनीही वाचक मिळावा अशी इच्छा आहे, त्याची एक साधी, लिंक आणि बुकमार्क असलेली पीडीएफ काढून ठेवावीच.

आधी पाया: स्टाइल आणि युनिकोड

इंटरॲक्टिव्ह कामाचा मोठा भाग बटणे ठेवण्याआधीच, मजकूर नीट बांधण्यात संपतो. लेखाचे शीर्षक हाताने मोठे आणि ठळक केले तर ते माणसाला शीर्षक वाटते, सॉफ्टवेअरला नाही. त्याच शीर्षकाला ‘लेख शीर्षक’ अशी पॅरेग्राफ स्टाइल, म्हणजे नाव देऊन साठवलेला अक्षररूपाचा साचा, दिली, तर लेआउट मेनूतील टेबल ऑफ कंटेंट्सच्या सोयीने संपूर्ण अनुक्रमणिका आपोआप तयार होते. ती करताना ‘क्रिएट पीडीएफ बुकमार्क्स’ हा पर्याय निवडला की पीडीएफच्या बाजूच्या पट्टीत सर्व लेखांची नावे बुकमार्क म्हणून येतात, आणि अनुक्रमणिकेतील प्रत्येक ओळ आपापल्या लेखाशी जोडलेली असते. दीडशे पानांच्या अंकाला हाताने लिंक देत बसण्याचे काम यामुळे वाचते. शिवाय शेवटच्या क्षणी एखादी जाहिरात वाढून पाने पुढे सरकली, तर अनुक्रमणिका अपडेट करण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

मराठीसाठी याहून महत्त्वाची बाब युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीची, आहे. आपल्याकडे कित्येक वर्षे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये काम झाले आणि काही ठिकाणी आजही होते. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘मुंबई’ असे दिसत असले तरी फाइलच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचे संकेत साठवलेले असतात. फक्त त्या संकेतांची चित्रे देवनागरी असतात. कागदावर छापताना याने काहीच बिघडत नाही, म्हणूनच ही पद्धत इतकी टिकली. पण अशा फाइलमधून बुकमार्क काढले की फॉन्ट मागे राहतो, नुसते संकेत पुढे जातात आणि बाजूच्या पट्टीत लेखांच्या नावांऐवजी अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी दिसू लागतात. शोध चालत नाही, मजकूर कॉपी करता येत नाही आणि दृष्टिबाधित वाचकाचे वाचन-सॉफ्टवेअर निव्वळ गोंधळ उच्चारते. अशी फाइल डिजिटल म्हणायची ती केवळ नावापुरती.

म्हणून मजकूर युनिकोडमध्येच घ्यावा. जुना मजकूर असेल तर कन्व्हर्टरने बदलून घ्यावा आणि त्यानंतर मुद्रितशोधन पुन्हा करावे. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांसारख्या शब्दांतील ऱ्य आणि ऱ्ह, रफार आणि लांब जोडाक्षरे रूपांतरात हमखास बिघडतात. मुंबईतील एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत, त्यामुळे पीडीएफ किंवा ईपबमध्ये ते अंतर्भूत करताना परवान्याचा प्रश्न येत नाही. यासोबत आणखी एक काम विसरू नये. इनडिझाइनमध्ये पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर, म्हणजे अक्षरे जुळवणारी यंत्रणा, निवडावा आणि तो मूळ स्टाइलमध्येच ठरवून टाकावा. तो निवडलेला नसेल तर ऱ्हस्व इकार भलत्या ठिकाणी जातो आणि जोडाक्षरे सुटी होतात. मजकुराची भाषाही मराठी अशी निवडावी, कारण मराठी वळणाचा ल आणि श काही फॉन्टमध्ये भाषा ओळखूनच येतो.

एवढे केल्यावरही पीडीएफची एक मर्यादा उरते. पीडीएफ मुळात अक्षरांची चित्रे कुठे ठेवायची याची नोंद करते, आणि ऱ्हस्व इकार दिसायला व्यंजनाच्या आधी असतो तर भाषेच्या क्रमात नंतर. त्यामुळे युनिकोड मराठीतील पीडीएफमध्येही इकारयुक्त शब्दांचा शोध बऱ्याचदा चुकतो. ईपबमध्ये मजकूर मजकूर म्हणूनच साठवला जात असल्याने ही अडचण येत नाही. शोध आणि वाचन-सॉफ्टवेअर यांना महत्त्व असलेल्या प्रकाशनाची ईपब आवृत्ती काढणे, एवढ्या एका कारणासाठीही योग्य ठरते.

लिंक आणि बटण यांत निवड कशी करावी

वरून पाहता लिंक आणि बटण यांचे काम एकच दिसते: टेकवा आणि दुसरीकडे जा. परंतु पीडीएफच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लिंक ही पानावरची एक साधी नोंद असते आणि ती जवळजवळ प्रत्येक ॲपला कळते. बटण मात्र फॉर्ममधील घटक म्हणून साठवले जाते, त्यामुळे ज्या ॲपला फॉर्म समजत नाहीत त्या ॲपमध्ये ते नुसते चित्र होऊन बसते. म्हणून पीडीएफमध्ये केवळ एका जागेवरून दुसरीकडे न्यायचे असेल तर दिसायला बटणासारखा आकार काढावा आणि त्याला हायपरलिंक द्यावी. वाचकाला फरक जाणवत नाही आणि सोय अधिक ठिकाणी चालते.

लिंकचे लक्ष्य अनेक प्रकारचे असू शकते: वेबपत्ता, ईमेल, त्याच फाइलमधील पान किंवा मजकुरात रोवलेली खूण, जिला टेक्स्ट अँकर म्हणतात. अँकर मजकुराबरोबर सरकतो, त्यामुळे फाइलच्या आतील लिंकसाठी तोच वापरणे शहाणपणाचे आहे. स्मरणिकेतील जाहिरातींना वेबपत्त्याच्या ठिकाणी दूरध्वनीचा दुवा देता येतो, आणि मग वाचकाने टेकवताच फोनचा डायल-पॅड उघडतो. ज्यांच्या पैशांवर स्मरणिका निघते त्या जाहिरातदारांच्या दृष्टीने ही सोय पानभर रंगीत जाहिरातीइतकीच मोलाची आहे. प्रत्येक पानावर ‘अनुक्रमणिकेकडे’ अशी एक खूण हवी असेल तर ती पेरेंट पानावर, म्हणजे ज्यावर ठेवलेले सगळ्या पानांवर आपोआप येते आणि पूर्वी ज्याला मास्टर पेज म्हणत त्यावर, एकदाच ठेवावी.

बटण करायचे झाल्यास ‘बटन्स अँड फॉर्म्स’ पॅनेलमध्ये दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: कोणत्या प्रसंगी आणि कोणती कृती. प्रसंग शक्यतो ‘ऑन रिलीज ऑर टॅप’ हाच ठेवावा. ‘रोल ओव्हर’, म्हणजे माउसचा बाण वर आला की, हा प्रसंग फोनवर अस्तित्वातच नसतो, कारण बोट पडद्यावर तरंगत नाही. कृतींच्या यादीत काही कृती सगळीकडे चालतात, काही केवळ पीडीएफमध्ये तर काही केवळ ईपबमध्ये, आणि मेनूत त्यांचे गट तसे लिहिलेलेही असतात. ‘गो टू पेज’ ही वरवर निरुपद्रवी वाटणारी कृती ईपबच्या गटात आहे. पीडीएफसाठी अँकर करून ‘गो टू डेस्टिनेशन’ निवडावे लागते. हा मेनू घाईत वाचला जातो आणि ‘बटण काम करत नाही’ या तक्रारींचा उगम बऱ्याचदा येथेच असतो.

ओव्हल मैदानाचा एक नकाशा

हे सगळे एका पानावर कसे जुळते ते पाहण्यासाठी, ओव्हल मैदानाभोवती चालत फिरणाऱ्यांसाठी एक छोटी मराठी पुस्तिका करायची आहे असे धरू. विषय त्यासाठी फार अनुकूल आहे. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर अशी एकोणिसाव्या शतकातील व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींची रांग आहे, तर पश्चिमेला विसाव्या शतकातील आर्ट डेको शैलीच्या निवासी इमारती आहेत. या दोन्ही समूहांचा मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मैदानात उभा असलेला माणूस एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळून पाहतो, तेवढेच पानावर व्हायला हवे.

पुस्तिका चालता चालता फोनवर पाहिली जाणार, म्हणून नवा दस्तऐवज उघडताना प्रिंटऐवजी मोबाइलचा पर्याय निवडावा. मापे पिक्सेलमध्ये येतील, रंग पडद्यासाठीचे, म्हणजे आरजीबी, असतील आणि समोरासमोरची पाने नसतील. पानाचा आकार उभा असावा. वरच्या अर्ध्या भागात नकाशा आणि त्यावर १, २, ३ असे आकडे. खालच्या अर्ध्या भागात छायाचित्र आणि चार ओळींची माहिती. राजाबाई टॉवरच्या माहितीत १८७८ साली काम पूर्ण झाल्याचे, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा असल्याचे आणि पैसा देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईचे नाव टॉवरला दिल्याचे आले की पुरे. फोनच्या अर्ध्या पडद्यावर याहून अधिक मजकूर वाचला जात नाही.

ईपब किंवा पब्लिश ऑनलाइनसाठी, तिन्ही ठिकाणांचे छायाचित्र व माहिती यांचे तीन गट एकाच मापाचे करून एकमेकांवर अचूक रचावेत आणि ‘ऑब्जेक्ट स्टेट्स’ पॅनेलमधून त्यांची एक बहुस्थिती वस्तू करावी. प्रत्येक स्थितीला ‘उच्च न्यायालय’, ‘राजाबाई टॉवर’, ‘आर्ट डेको रांग’ अशी नावे द्यावीत, कारण ‘स्टेट १’, ‘स्टेट २’ अशी आपोआप पडलेली नावे पुढे ओळखता येत नाहीत. मग नकाशावरील प्रत्येक आकड्याचे बटण करून त्याला ‘गो टू स्टेट’ ही कृती द्यावी आणि संबंधित स्थिती निवडावी. आकड्यावर टेकवले की नकाशा जागेवरच राहतो आणि खालचे चित्र बदलते.

पीडीएफमध्ये ही बहुस्थिती वस्तू चालत नाही, म्हणून तेथे वेगळी युक्ती करावी. एकाच पानाऐवजी तीन पाने करावीत. नकाशा आणि त्यावरचे आकडे पेरेंट पानावर ठेवावेत, म्हणजे ते तिन्ही पानांवर केसभरही न हलता त्याच जागी येतात, आणि खालच्या भागात प्रत्येक पानावर वेगळे छायाचित्र ठेवावे. प्रत्येक आकड्याला त्या त्या पानावरील अँकरची हायपरलिंक द्यावी. पाने एकेक करून दाखवणाऱ्या ॲपमध्ये वाचकाला पान बदलल्याचे कळतच नाही, फक्त चित्र बदलल्यासारखे वाटते. पाने सलग सरकवणाऱ्या ॲपमध्ये हा आभास टिकत नाही, परंतु वाचक योग्य ठिकाणी पोचतो आणि काहीही मोडत नाही. लपवलेली आणि टेकवल्यावर उघडणारी बटणे वापरूनही पीडीएफमध्ये असाच परिणाम साधता येतो, पण ज्या ॲपला बटणे कळत नाहीत तेथे वाचकाला छायाचित्र मुळीच दिसत नाही. फसली तरी वाचक उपाशी राहणार नाही अशी युक्ती निवडावी, असे माझे ठाम मत आहे.

आकड्यांच्या मापाकडेही लक्ष द्यावे. वेब-सुलभतेच्या २०२३ मधील डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत स्पर्शाच्या जागेचे किमान माप २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहे, तर वरच्या दर्जाच्या निकषात ते ४४ बाय ४४ आहे. हे पिक्सेल वेबच्या मापाचे आहेत. तुमचे पान फोनच्या पडद्यावर लहान होऊन दिसत असेल तर पानावरचा आकार त्या प्रमाणात मोठा हवा. चालताना, एका हातात छत्री धरून टेकवायचे असेल तर मोठेच माप घ्यावे. दृश्य आकडा लहान ठेवून त्याभोवती पारदर्शक चौकट मोठी करता येते, त्यामुळे नकाशाही गजबजत नाही.

ध्वनी, चित्रफीत, हालचाल आणि फॉर्म

ध्वनी एमपी३ आणि चित्रफीत एच.२६४ प्रकारच्या एमपी४ स्वरूपात घ्यावी. चित्रफितीला ‘पोस्टर’ म्हणून एखादे चांगले स्थिरचित्र द्यावे, नाहीतर न चालणाऱ्या ॲपमध्ये तेथे काळा चौकोन दिसतो. पान उघडताच आवाज सुरू होईल अशी योजना कधीही करू नये. भरगच्च डब्यात असा आवाज कोणालाच नको असतो. पीडीएफसाठी चित्रफीत आत भरण्यापेक्षा तिचे स्थिरचित्र ठेवून त्यावर वेबवरील चित्रफितीची लिंक द्यावी, कारण फाइलही हलकी राहते. छापील आवृत्तीसाठी तोच पत्ता इनडिझाइनमधील ‘जनरेट क्यूआर कोड’ या सोयीने पानावर छापता येतो.

हालचालीबद्दल मी फार लिहीत नाही. ‘ॲनिमेशन’ पॅनेलमध्ये तयार नमुने आहेत, ‘टायमिंग’ पॅनेलमध्ये त्यांचा क्रम आणि मधला विराम ठरवता येतो, आणि शिकायला ते अवघड नाही. एखाद्या प्रक्रियेचे टप्पे एकामागून एक दाखवायचे असतील तर तिचा उपयोग आहे. शीर्षक उडत येण्याने मजकुरात भर पडत नाही.

फॉर्मची सोय केवळ पीडीएफमध्ये चालते. मजकूर भरायची चौकट, टिक करायचा चौकोन, पर्यायांची यादी आणि स्वाक्षरीची जागा असे घटक देता येतात. परंतु अर्ज भरणारे बहुसंख्य लोक फोनवर असतील तर फॉर्म पीडीएफमध्ये न करता ऑनलाइन फॉर्मची लिंक देणे अधिक खात्रीचे आहे.

डोळ्यांनी न वाचणाऱ्यांसाठी

दृष्टिबाधित वाचक पानाची मांडणी पाहत नाहीत, ते मजकुराचा क्रम ऐकतात. इनडिझाइनमधील ‘आर्टिकल्स’ पॅनेलमध्ये मजकूर आणि चित्रे ओढून वाचनाचा क्रम ठरवता येतो, आणि ‘ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट ऑप्शन्स’मध्ये प्रत्येक चित्राला पर्यायी वर्णन देता येते. ‘फोटो १’ असे वर्णन निरुपयोगी आहे. ‘मैदानातून दिसणारा राजाबाई टॉवर, शेजारी विद्यापीठाचे ग्रंथालय’ असे लिहावे. प्रत्येक बटणालाही वर्णन द्यावे. लिंकच्या मजकुरात ‘येथे क्लिक करा’ ऐवजी ती कुठे नेते ते लिहावे, कारण वाचन-सॉफ्टवेअर वापरणारे लोक अनेकदा फक्त लिंकची यादी ऐकत पुढे जातात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील अंतरासाठी डब्ल्यूसीएजीने ४.५ ला १ हे किमान प्रमाण दिले आहे. फिकट पिवळ्या पार्श्वभूमीवर केशरी अक्षरे त्यात नापास होतात, आणि दिवाळी अंकांत हीच जोडी वारंवार भेटते.

एक्स्पोर्ट आणि तपासणी

एक्स्पोर्ट करताना पीडीएफचे दोन पर्याय दिसतात, ‘प्रिंट’ आणि ‘इंटरॲक्टिव्ह’. प्रिंटच्या पर्यायातही हायपरलिंक आणि बुकमार्क समाविष्ट करण्याच्या चौकटी असतात, पण त्या निवडल्या नाहीत तर काहीच जात नाही, आणि बटणे तर त्यातून कधीच जिवंत बाहेर पडत नाहीत. छापखान्यासाठी काढलेली फाइल तशीच वाचकांना पाठवली जाते तेव्हा नेमके हेच होते. डिजिटल प्रतीसाठी ‘इंटरॲक्टिव्ह’ निवडावे, फॉर्म आणि माध्यमे ‘इन्क्लूड ऑल’ ठेवावीत, ‘क्रिएट टॅग्ड पीडीएफ’ला (म्हणजे मजकुराची रचना व क्रम सांगणाऱ्या खुणा असलेल्या पीडीएफला) टिक करावी, एकेक पान दिसेल असे ठरवावे आणि चित्रांची घनता १४४ पीपीआय (एका इंचातले पिक्सेल) घ्यावी. फोनसाठी ती पुरेशी असते आणि फाइल छपाईच्या ३०० पीपीआयपेक्षा कितीतरी हलकी होते. दस्तऐवजाचे शीर्षक आणि भाषा फाइलच्या माहितीत भरून घ्यावी.

तपासणी इनडिझाइनच्या प्रीव्ह्यूवर संपवू नये. फाइल स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवून एका स्वस्त अँड्रॉइड फोनवर आणि एका आयफोनवर उघडावी, संगणकावर ॲक्रोबॅट रीडर आणि ब्राउझर या दोन्हींत पाहावी. प्रत्येक लिंक टेकवावी, बुकमार्कमधील मराठी वाचून पाहावे, इंटरनेट बंद करून काय उरते ते पाहावे. हे काम ज्याने पाने लावली त्याने न करता, ती पाने पूर्वी न पाहिलेल्या माणसाच्या हातात फोन देऊन त्याची बोटे कुठे जातात ते पाहिले तर अधिक कळते. जे चित्र टेकवण्यासारखे दिसते पण ज्याला लिंक नाही, ते अशा वेळीच सापडते.

बाहेरच्या वेबपत्त्यांबाबत एक व्यवस्था सुरुवातीलाच करून ठेवावी. एकदा फॉरवर्ड झालेली पीडीएफ परत घेता येत नाही, पण तिच्यातले पत्ते मात्र काळाबरोबर बदलतात किंवा बंद पडतात. म्हणून चित्रफीत, अर्ज किंवा नकाशा यांचा थेट पत्ता पीडीएफमध्ये न घालता, संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रत्येकासाठी एक छोटा पत्ता तयार करावा, लिंक आणि क्यूआर कोड त्या पत्त्याला जोडावेत आणि तेथून वाचकाला पुढे पाठवावे. उद्या चित्रफीत दुसरीकडे हलवली, तरी संकेतस्थळावर एक ओळ बदलली की लोकांच्या फोनमध्ये पडून असलेल्या सगळ्या जुन्या प्रतींतील लिंक पुन्हा नव्या ठिकाणी पोचतात.